न दिसणाऱ्या कणाचे वजन : सर्नच्या प्रयोगशाळेला एक दूरभेट



हा लेख वाचायला घेण्यापूर्वी एक छोटीशी गोष्ट करा. डावा तळहात टेबलावर उताणा ठेवा आणि घड्याळाकडे पाहत एक मिनिट स्वस्थ बसा. झाले? एवढ्या वेळात तुमच्या तळहातातून, बोटे सोडून दिली तरी, साठ-सत्तर कण आरपार निघून गेले. ते टेबलातून गेले, फरशीतून गेले आणि खाली जमिनीत शिरले. तुम्हाला काही जाणवले नाही. या कणांना म्यूऑन म्हणतात. दूर अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळतात, तेव्हा १५ किलोमीटरच्या आसपास उंचीवर बहुतेक म्यूऑन जन्म घेतात. जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला सुमारे एक, हे त्यांचे प्रमाण.

वर्गात ही गोष्ट मी अठरा वर्षे सांगत आलो आहे. गेल्या वर्षी दर्यापूरकडच्या एका मुलीने उभे राहून विचारले, “सर, तुम्ही पाह्यला काय म्यूऑन?”

नव्हता पाहिला. मी एम.एस्सी. झालो तेव्हा म्यूऑन म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यातली एक ओळ होती : वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या २०७ पट, सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. ती ओळ पाठ करून मी परीक्षा दिली आणि पुढे तीच ओळ इतरांकडून पाठ करून घेतली. त्या मुलीच्या प्रश्नामुळे जे झाले ते आज तुम्हाला सांगतो, म्हणजे तुम्हालाही ते आपल्या शाळेत करता येईल.

स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्या सीमेवर, जिनिव्हा शहराजवळ, सर्न नावाची प्रयोगशाळा आहे. मूलकणांच्या अभ्यासासाठी युरोपातल्या देशांनी ती १९५४ मध्ये मिळून स्थापन केली. तेथे जाण्याचा खर्च आपल्यासारख्यांना झेपणारा नाही. परंतु तेथील मोठे प्रयोग जगभरच्या शाळांना ‘दूरभेट’ देतात. शिक्षकाने संकेतस्थळावरून अर्ज करायचा, दिवस ठरवायचा. ठरलेल्या वेळी तेथला एखादा शास्त्रज्ञ कॅमेरा हातात घेऊन प्रयोगशाळेत फिरतो, आपण पडद्यावर पाहतो आणि मध्येच थांबवून प्रश्न विचारतो. यासाठी पैसे पडत नाहीत. आम्ही सीएमएस या प्रयोगाकडे अर्ज केला आणि जानेवारीतली एक दुपार मिळाली. महिना मुद्दाम निवडला होता. हिवाळ्यात तेथले यंत्र काही आठवडे बंद ठेवतात. यंत्र चालू असताना भुयारात माणसाला प्रवेश नसतो. बंद असले तरच मार्गदर्शक खाली जाऊ शकतो. हिवाळ्यात जिनिव्हाचे घड्याळ आपल्यामागे साडेचार तास असते, म्हणजे आपले दुपारचे तीन तेव्हा तेथे सकाळचे साडेदहा. उन्हाळ्यात हे अंतर साडेतीन तासांचे होते. अर्ज करताना हे विसरलात तर भलत्याच वेळी रिकाम्या पडद्यासमोर बसाल.

अकोल्याच्या एका शाळेतली अकरा मुले त्या दिवशी सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरून आमच्याकडे आली होती. आमची बत्तीस. अशी त्रेचाळीस जणांची मंडळी.

भेटीच्या आधीच्या आठवड्यात मी मुलांकडून एक काम करून घेतले. सर्नमध्ये लार्ज हॅड्रॉन कोलायडर नावाचा त्वरक आहे, म्हणजे कणांना वेग देणारे यंत्र. जमिनीखाली सरासरी १०० मीटरवर २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात तो बसवला आहे. २७ ला ३.१४ ने भागा, व्यास ८.६ किलोमीटर, त्रिज्या ४.३. अमरावतीच्या नकाशावर राजकमल चौकात कंपासचे टोक ठेवून मुलांनी त्या मापाचे वर्तुळ काढले. बहुतेक सारे जुने शहर आत आले, बडनेरा स्थानक बाहेर राहिले. या वर्तुळावरून प्रोटॉन एका सेकंदात ११,२४५ फेऱ्या मारतो. त्याच वेगाने अमरावती-अकोला रस्त्यावर धावला, तर सेकंदात सुमारे दीड हजार वेळा जाऊन येईल.

प्रोटॉनला गोल वळवायचे तर चुंबक हवेत. बोगद्यात प्रत्येकी १५ मीटर लांबीचे १,२३२ मोठे वळवणारे चुंबक आहेत. साध्या तांब्याच्या तारेतून इतका प्रवाह नेला तर ती वितळून जाईल, म्हणून तारा अतिसंवाहक वापरल्या आहेत आणि द्रव हीलियमने त्या उणे २७१ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवतात. अकोल्याचा मे महिना आठवून मुलांना हा आकडा फारच आवडला. हे चुंबक ज्या जॅकवर बसवले आहेत ते भारताने दिले, हे मात्र त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हते. तीस टनांहून जड चुंबक मिलिमीटरच्या अंशाने वर-खाली वा बाजूला सरकवता यावा, असे हे सुमारे ७,००० जॅक इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राच्या देखरेखीखाली देशात तयार झाले. इंदूर आपल्याला पुण्यापेक्षा जवळ आहे.

आणखी एक हिशेब फळ्यावर केला, तो तुम्हीही करून पाहा. २०२२ पासून या त्वरकात एका प्रोटॉनला ६,८०० अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा देऊ लागले. आकडा भयंकर दिसतो, पण जूलमध्ये बदला : सुमारे ०.००००११ जूलचा दहावा भाग, म्हणजे एक जूलचा दशलक्षावा हिस्सा. उडणाऱ्या काही डासांइतकी ऊर्जा! परंतु प्रोटॉन एकटा नसतो. मूळ आराखड्याप्रमाणे एका दिशेच्या झोतात प्रोटॉनांचे २,८०८ पुंजके आणि एकेका पुंजक्यात सुमारे ११,५०० कोटी प्रोटॉन. सगळे मिळून झोताचे वजन ग्रॅमच्या एक अब्जांशाच्या जवळपास निम्मे, पण ऊर्जा ३५ कोटी जूल. पंधरा टनांची भरलेली एस.टी. ताशी ६० किलोमीटरने धावताना तिची गतिज ऊर्जा किती होते ते काढा. सुमारे २१ लाख जूल येईल. म्हणजे त्या न दिसणाऱ्या चिमटीत १७० धावत्या एस.टी. गाड्या बसवलेल्या आहेत.

ठरल्या दिवशी तीन वाजता पडदा उजळला. फ्रान्सच्या हद्दीतल्या सेसी या गावचे एक मोठे पत्र्याचे सभागृह दिसले आणि शिरस्त्राण घातलेल्या एका तरुण संशोधिकेने हात हलवून नमस्कार केला. उद्वाहनातून ती खाली उतरली, कॅमेरा हलला, थोडा वेळ नुसता अंधार आणि आवाज, मग दार उघडले.

खरे सांगायचे तर पहिली पाच मिनिटे मुले हिरमुसली. त्यांना ठिणग्या, प्रकाशाचे झोत असे काहीतरी अपेक्षित होते. समोर दिसत होते ते लाल रंगवलेले लोखंड, पायऱ्या, नळ आणि तारांची जंगले. अकोल्याचा एक मुलगा म्हणाला, “हे त आपल्या पारसच्या वीज केंद्रासारखंच हाय.” मला ते निरीक्षण आवडले. मोठ्या प्रयोगाचा बराचसा भाग पाणी, वीज, थंडावा आणि लोखंड यांचाच असतो. चित्रपटातल्या प्रयोगशाळेत तेवढाच दाखवत नाहीत.

सीएमएस म्हणजे कॉम्पॅक्ट म्यूऑन सोलेनॉइड. ‘कॉम्पॅक्ट’ म्हणजे आटोपशीर. हे आटोपशीर यंत्र २१ मीटर लांब, १५ मीटर उंच आणि १४,००० टन वजनाचे आहे. नाव चेष्टेचे नाही. एवढे वजन त्या मानाने लहान जागेत कोंबले आहे एवढाच त्याचा अर्थ. ते वर जमिनीवर तुकड्यांनी बांधले आणि एकेक तुकडा खाली सोडला. सर्वांत जड तुकडा १,९२० टनांचा होता. २८ फेब्रुवारी २००७ रोजी त्याला शंभर मीटर उतरायला सुमारे दहा तास लागले. २८ फेब्रुवारी हा आपला राष्ट्रीय विज्ञान दिन, हा योगायोग मुलांनी लगेच पकडला.

यंत्राची रचना कांद्यासारखी आहे, पापुद्र्यावर पापुद्रा. अगदी मध्ये दोन विरुद्ध दिशांचे प्रोटॉन एकमेकांवर आदळतात. आदळल्यावर आधी नसलेले कण निर्माण होतात आणि चहूकडे उधळतात. आतला पहिला पापुद्रा सिलिकॉनच्या पातळ पट्ट्यांचा. विद्युद्भारित कण कोठून गेला त्याचे ठिपके तो नोंदवतो. त्याबाहेर जड स्फटिक. त्यांत इलेक्ट्रॉन आणि प्रकाशकण आपली सारी ऊर्जा टाकून थांबतात. त्याबाहेर पितळेचे थर. तेथे प्रोटॉनसारखे कण अडतात. मग अतिसंवाहक तारेचे प्रचंड वेटोळे, ज्याचे चुंबकीय क्षेत्र ३.८ टेस्ला. सगळ्यात बाहेर लोखंड आणि त्यामध्ये म्यूऑन टिपणारे कक्ष. म्यूऑन एवढे सगळे भेदून बाहेर पडतो. म्हणून जो कण सर्वांत बाहेरच्या कक्षापर्यंत पोचला तो बहुधा म्यूऑनच, अशी त्याची ओळख पटते.

चुंबकाच्या बाहेर प्लॅस्टिकच्या चकाकणाऱ्या फरश्यांचा एक थर आहे. कण गेला की त्या फरशीत अंधुक प्रकाश लुकलुकतो. आतल्या थरांतून निसटलेली ऊर्जा येथे पकडली जाते. हा थर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने पंजाब विद्यापीठाच्या साहाय्याने तयार केला. कुलाब्यात बनलेली वस्तू जिनिव्हाजवळच्या गुहेत बसली आहे आणि आपण अमरावतीहून तिच्याकडे पाहत आहोत, ही गंमत मला स्वतःला फार मोठी वाटली.

प्रोटॉनांचे पुंजके एकमेकांतून सेकंदाला चार कोटी वेळा जातात. एवढ्या साऱ्या नोंदी ठेवायला जगात जागा नाही. म्हणून यंत्रालाच चाळण्या बसवल्या आहेत. पहिल्या चाळणीतून सेकंदाला लाखभर नोंदी उरतात, दुसरीतून त्यातल्या हजार, फार तर काही हजार. बाकीच्या कायमच्या गेल्या. चाळणी चुकीची लावली तर हवा तो कणच टाकून दिला जाईल, ही भीती तेथील माणसांना सदैव असते, असे मार्गदर्शिका म्हणाली.

मग दर्यापूरची ती मुलगी उठली. ४ जुलै २०१२ रोजी सर्नने हिग्ज कण सापडल्याचे जाहीर केले, त्याचे वस्तुमान सुमारे १२५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट, हे तिने वाचले होते. तिने विचारले, “तो कण जन्मतो आणि लगेच मोडतो. यंत्राच्या पहिल्या थरापर्यंतसुद्धा पोचत नाही. मंग जे दिसलंच नाही, त्याचं वजन केलं कसं?”

मी इंग्रजीत करून सांगितले. मार्गदर्शिकेने मान डोलावली, हाताने हवेत एक वाकडी रेघ काढली, आणि नेमकी वीज गेली.

वीज आली तोवर आमची वेळ संपली होती. तेथे दुसऱ्या देशातली शाळा वाट पाहत होती. मुले चुकचुकली. मला मात्र आता तो प्रश्न टाळता येणार नव्हता. उत्तर फळ्यावर झाले, ते असे.

हवेतली ती वाकडी रेघ म्हणजेच उत्तराची सुरुवात. विद्युद्भारित कण चुंबकीय क्षेत्रात वळतो हे तुम्ही दहावीत शिकता. संवेग जास्त तर वळण कमी. भरधाव मोटारसायकल चटकन वळत नाही, तसेच. इलेक्ट्रॉनइतका भार असलेल्या कणासाठी नियम अगदी सोपा आहे :

संवेग = ०.३ × चुंबकीय क्षेत्र × वळणाची त्रिज्या

येथे संवेग अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या मापात, क्षेत्र टेस्लात, त्रिज्या मीटरमध्ये. समजा म्यूऑनचा संवेग ४५ आहे. क्षेत्र ३.८. त्रिज्या आली ४५ भागिले १.१४, म्हणजे साडेएकोणचाळीस मीटर. पण ठिपके टिपणारा आतला पापुद्रा केंद्रापासून सुमारे १.१ मीटरपर्यंतच आहे. साडेएकोणचाळीस मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा एवढासा तुकडा आपल्याला सरळच दिसेल. तो सरळ रेषेपासून मध्यावर किती फुगतो? भूमितीतून हे अंतर निघते : जीवेचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. १.२१ भागिले ३१६, म्हणजे सुमारे ३.८ मिलिमीटर. सगळा शोध या पावणेचार मिलिमीटरच्या फुगवट्यावर उभा आहे. सिलिकॉनच्या पट्ट्या ठिपक्याची जागा मिलिमीटरच्या काही शतांशांपर्यंत सांगतात, म्हणून तो मोजता येतो. आणि वळण डावीकडे की उजवीकडे यावरून भार धन की ऋण तेही कळते.

आता वजनाकडे येऊ. एक कण मोडून दोन म्यूऑन झाले. फटाक्याचे दोन तुकडे झाले असे समजा. मूळ फटाका आपण पाहिला नाही, पण दोन्ही तुकडे कोणत्या दिशेने, किती जोरात गेले ते पाहिले. ऊर्जा नाहीशी होत नाही, संवेग नाहीसा होत नाही. म्हणजे दोन्ही म्यूऑनांची मिळून जी ऊर्जा, तीच मूळ कणाची. दोन्हींचा मिळून जो संवेग, तोच मूळ कणाचा. आणि आइन्स्टाइनचा सापेक्षता सिद्धांत सांगतो की, प्रकाशवेग १ धरून मापे घेतली तर,

वस्तुमानाचा वर्ग = ऊर्जेचा वर्ग − संवेगाचा वर्ग

तुम्ही ऐकलेले प्रसिद्ध सूत्र, ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले प्रकाशवेगाचा वर्ग, हा याचाच एक विशेष प्रकार आहे. कण स्थिर असेल, संवेग शून्य असेल तेव्हाचा.

एक उदाहरण घेऊ. हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे मी गोल केले आहेत. एका म्यूऑनची ऊर्जा ६०, दुसऱ्याची ४०, दोघांमधला कोन १३७ अंश. म्यूऑनचे स्वतःचे वस्तुमान फक्त ०.१०६, म्हणून त्याचा संवेग ऊर्जेइतकाच मानायला हरकत नाही. एकूण ऊर्जा १००, तिचा वर्ग १०,०००. संवेगाला दिशा असते, म्हणून तो साधा मिळवायचा नाही, समांतरभुज चौकोनाच्या नियमाने मिळवायचा. १३७ अंशांची कोज्या उणे ०.७३१. तेव्हा संवेगाचा वर्ग = ३,६०० + १,६०० − (२ × ६० × ४० × ०.७३१) = सुमारे १,६९१. वजाबाकी ८,३०९. वर्गमूळ ९१.२.

फळ्यावर ९१.२ लिहिल्यावर मी खडू खाली ठेवला. हे झेड कणाचे वस्तुमान. प्रोटॉनच्या ९७ पट. हा कण सर्नमध्येच १९८३ साली सापडला आणि त्याबद्दल रूबिया आणि व्हान डर मीर यांना १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कोणीही तो पाहिलेला नाही. दोन रेघांवरून त्याचे वजन झाले.

येथे थांबलो असतो तर धडा अर्धाच राहिला असता. कारण एका जोडीवरून काहीही सिद्ध होत नाही. सीएमएस आणि इतर प्रयोगांच्या नोंदींचा बराच भाग आता सर्वांना खुला आहे. सर्नने २०१४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र संकेतस्थळ उघडले. पुढच्या आठवड्यात आम्ही तेथून म्यूऑनांच्या जोड्यांचे आकडे घेतले, कागदावर छापले आणि प्रत्येकाला वीस जोड्या वाटल्या. अकोल्याच्या मुलांचे कागद टपालाने पाठवले. प्रत्येकाने वस्तुमान काढायचे आणि भिंतीवरच्या मोठ्या आलेख-कागदावर त्या आकड्याच्या रकान्यात एक फुली मारायची. आठशे साठ फुल्या झाल्या. सुरुवातीला विखुरलेल्या दिसत होत्या. चारशेच्या पुढे ९१ च्या आसपास ढीग उभा राहू लागला.

एका मुलाचे एका जोडीचे उत्तर ६४ आले. मी त्याला म्हटले, वर्गमूळ तपास. त्याने तपासले, पुन्हा ६४. मी जरा चिडूनच त्याचा कागद घेतला आणि स्वतः गणित केले. ६४. त्याचे काही चुकले नव्हते, माझे चुकले होते. प्रत्येक जोडी झेडपासूनच येते असे नाही. दुसऱ्या वाटांनीही म्यूऑनांच्या जोड्या निर्माण होतात आणि त्यांचे वस्तुमान कोठेही पडू शकते. ‘उत्तर ९१ यायला हवे’ हे मी आधीच ठरवून बसलो होतो. शिक्षकबंधुभगिनींनो, हा प्रयोग कराल तेव्हा दूरच्या फुल्या पुसू देऊ नका. ढीग खरा की योगायोगाचा हे ठरवायला त्याच्या दोन्ही बाजूंची विरळ फुल्यांची पट्टी लागते. २०१२ मध्ये हिग्ज कणाच्या बाबतीत शास्त्रज्ञांपुढे हाच प्रश्न होता, आणि तेथे ढीग फारच लहान होता. चार म्यूऑनांच्या किंवा चार इलेक्ट्रॉनांच्या मोजक्या नोंदी, दोन प्रकाशकणांच्या अनेक नोंदींत दिसणारा छोटासा उंचवटा, आणि सीएमएस व ॲटलस या दोन वेगळ्या यंत्रांवर वेगळ्या माणसांनी काढलेले सारखे उत्तर. एवढे जमल्यावरच घोषणा झाली.

पहिला प्रश्न राहिलाच : म्यूऑन पाहिला का? त्यासाठी सर्नला जायची गरज नाही. चार बाजूंनी पारदर्शक असलेली एक पेटी घ्या. वरच्या बाजूला आतून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला जाड नमदा लावा. तळाला काळी धातूची पत्री, आणि पत्रीखाली कोरडा बर्फ, म्हणजे उणे ७८ अंशांचा घन कार्बन डायऑक्साइड. अल्कोहोलची वाफ खाली येता येता इतकी थंड होते की निमित्त मिळताच तिचे थेंब व्हावेत. भारित कण गेला की त्याच्या वाटेवर बारीक थेंबांची रेघ उमटते आणि दोन-तीन सेकंदांत विरते. खोलीत अंधार करून बाजूने विजेरी धरा. स्कॉटलंडच्या विल्सनने शोधलेल्या मेघकोठीचा हा सुधारलेला प्रकार. कोरडा बर्फ आपल्याकडे सहज मिळत नाही. आम्हाला दोन दिवस विचारपूस करावी लागली. तो शिक्षकांनीच जाड हातमोजे घालून हाताळावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत तो कधीही भरू नये, स्फोट होतो. अल्कोहोलजवळ ज्योत नको. शक्यतो डिसेंबरात करा. वऱ्हाडच्या एप्रिलमध्ये बर्फ पेटीपर्यंत पोचणार नाही.

आखूड जाड रेघा दिसल्या तर त्या बहुधा हवेतल्या रेडॉनच्या अल्फा कणांच्या. लांब, बारीक, सरळ रेघ आली की तो म्यूऑन असण्याचा संभव मोठा. पहिली तशी रेघ आली तेव्हा मी खाली वाकलो होतो आणि मुलांनी ती माझ्याआधी पाहिली.

या रेघेत एक कोडे दडलेले आहे. म्यूऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतो. प्रकाशाच्या वेगाने धावला तरी एवढ्यात ६६० मीटर जाईल. मग १५ किलोमीटर उंचीवरून तो आपल्या तळहातापर्यंत येतो कसा? १५,००० भागिले ६६० म्हणजे जवळपास २३ आयुष्ये. २३ आयुष्यांनंतर दहा अब्जांतला एखादाच उरावा. याचे उत्तर असे की, वेगाने जाणाऱ्या घड्याळाचा काळ आपल्याला मंदावलेला दिसतो. म्यूऑनची ऊर्जा ४ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरा. ती त्याच्या वस्तुमानाने, ०.१०६ ने, भागा. ३८ आले. तेवढ्या पटीने त्याचे आयुष्य लांबते आणि ६६० मीटरचे २५ किलोमीटर होतात. वाटेत हवेत थोडी ऊर्जा खर्च होते ती येथे सोडून दिली आहे. अशा कणांच्या आयुष्यावरून सापेक्षता सिद्धांत थेट तपासता येईल, हे १९३८ मध्ये सुचवणाऱ्या तरुणाचे नाव होमी भाभा. १९४१ मध्ये रॉसी आणि हॉल यांनी अमेरिकेतल्या डोंगरावर आणि खाली म्यूऑन मोजून ते दाखवले. भाभांनी पुढे १९४५ मध्ये टाटा संस्था उभी केली, आणि त्याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर यंत्रे बसवली. तेथे म्यूऑनांचा पाऊस जवळजवळ थांबतो. त्या शांततेत १९६५ मध्ये वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा सापडल्या. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीतही सापडल्या. कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली. उटीला मात्र टाटा संस्थेचे म्यूऑन मोजण्याचे काम पुढे चालू राहिले. १ डिसेंबर २०१४ रोजी एका वादळी ढगाखाली म्यूऑनांची संख्या घटली, त्या घटीवरून ढगातला विद्युद्दाब १३० कोटी व्होल्ट असल्याचे संशोधकांनी २०१९ मध्ये जाहीर केले. ढगाचा विद्युद्दाब मोजायला म्यूऑनच उपयोगी पडले.

आमच्या वर्गातली मुले आता चिखलदऱ्याला जाऊन म्यूऑन मोजायचे म्हणतात. उंची १,१०० मीटरच्या आसपास. अमरावतीपेक्षा म्यूऑन किती जास्त यावेत आणि तो फरक लक्षात येण्यासाठी किती वेळ मोजत बसावे लागेल, यावर त्यांचा वाद चालू आहे. सहलीचे पैसे जमले की कळेलच.

तोवर तुमच्यासाठी एक जोडी ठेवतो. एका म्यूऑनची ऊर्जा ६ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट, दुसऱ्याची ४, दोघांमधल्या कोनाची कोज्या ०.८. मूळ कणाचे वस्तुमान काढा. हा कण नोव्हेंबर १९७४ मध्ये अमेरिकेतल्या दोन प्रयोगशाळांना एकाच वेळी सापडला आणि दोघांनी त्याला वेगवेगळी नावे दिली. ती दोन्ही नावे तो आजही जोडून वापरतो. तुमचे उत्तर तीनच्या थोडे वर यायला हवे. नाही आले तर आधी कोज्येचे चिन्ह तपासा : येथे कोन लघुकोन आहे.